यात्रेपुरतं उघडं दुकान

येरमाळ्याला हायवेलगत आई-अण्णांचं बांगड्यांचं दुकान होतं. अण्णा माल आणायचे, आई बायकांच्या हातात बांगड्या भरायची. मग आईच्या किडन्या निकामी झाल्या. आधी खाजगी दवाखाने केले, त्यात दोन्ही म्हशी विकाव्या लागल्या. सरकारी योजनेचं कार्ड हातात आलं तेव्हा आईनं ते देवापुढं ठेवलं. आता धाराशिवला डायलिसिस फुकट होणार होतं.

तसं झालंही. मशीनचा पैसा कुणी मागितला नाही. तिथल्या सिस्टरही मायाळू होत्या. पण आठवड्यातून दोनदा सकाळची एसटी धरायची, आणि परतताना आईला गरगरायचं. तिला एकटीला सोडणं शक्य नव्हतं. मी सास्तूरला नांदत होते, पदरात तान्हं लेकरू. त्यामुळं अण्णा सोबत जायचे आणि दुकान बंद राहायचं. बंद शटर बघून गिऱ्हाईक शेजारी जायचं, ते हळूहळू तिथलंच झालं. घरात तेल, डाळ जपून वापरू लागले. अण्णांनी चकार शब्द काढला नाही. पण आईला दिसत होतं.

चैत्रात येडेश्वरीची यात्रा आली. वर्षाची खरी कमाई त्या दिवसांतच व्हायची. लेकराला ताप होता म्हणून मला जाता आलं नाही. पुढचं सगळं अण्णांनी सांगितलं.

"सिस्टर म्हनल्या, यात्रेपुरतं चुकलं तर काय होत न्हाय," आई म्हणाली.

"खरंच म्हनल्या?"

"व्हय वो. म्या खोटं सांगंन व्हय?"

अण्णांनी विश्वास ठेवला. यात्राभर आई सुजलेले पाय पदराखाली झाकून दुकानात बसली. मी फोन केला तर म्हणाली, "लई गर्दी हाय गं, बोलायला सवड न्हाय." तिला धाप लागली होती. पण आवाजात किती दिवसांनी आनंद होता! तोच आवाज अजून कानात आहे आणि तोच सहन होत नाही.

यात्रा उठली त्या सकाळी तिला श्वास घेता येईना. सरकारी ॲम्ब्युलन्स लगेच आली, तीही फुकट. धाराशिव यायच्या आधीच आई गेली.

तेराव्यानंतर अण्णा दवाखान्यात सांगायला गेले. मी सोबत होते. त्यांना बघताच सिस्टर म्हणाल्या, "मामा, कुठं होता तुम्ही? मावशींची वाट बघितली आम्ही. एकदाही चुकवू नका म्हणून बजावलं होतं की त्यांना!"

अण्णा भिंतीला धरून खाली बसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "दुकान बंद ऱ्हातंय म्हनून म्या कधी कुरकुर केली का गं?"

"कधीच न्हाय, अण्णा."

"मग तिला कुनी सांगितलं?"

बाकावर बसलेल्या एका बाईनं सरकून त्यांना जागा दिली. पण अण्णा उठले नाहीत.