नळीतला चंद्र

डावा डोळा तळव्याने झाकलेला आणि उजव्या डोळ्याला लावलेली पेट्रोलची नळी — बाहेरून पोलादी तारांची वेणीसारखी घट्ट वीण, आतून काळंभोर रबर, आणि त्या हातभर काळोखाच्या शेवटी थरथरणारा उजेडाचा एक चिमुकला गोल... बालपणाकडे वळून पाहिलं की आधी तो गोल दिसतो. मग रबराचा उग्र वास येतो, पेट्रोलचा गोडसर दर्प येतो, आणि चिंचणीच्या किनाऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्यातला सुकत्या बोंबलांचा खारेपणा.

साठच्या दशकातली ती वर्षं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, ठेकेदारांच्या जीपा बोईसरची तांबूस धूळ दिवसभर उडवत, आणि मिरजेहून पोटामागे आलेल्या अण्णांनी, माझ्या वडिलांनी, भाड्याच्या घराच्या पडवीतच गॅरेज थाटलं होतं. त्यांच्या हाताखाली काशिनाथदादा होता. वीस-बावीस वर्षांचा, चिंचणीचा, पिढ्यान्‌पिढ्या होड्या चालवणाऱ्या घरातला. पण होडी किनारा सोडते न सोडते तोच त्याला ओकारी यायची. गावात त्याची फार टिंगल होई. "दर्यावाल्याचा पोर न् दर्यालाच भितो," असं त्याचा सख्खा भाऊ चारचौघांत म्हणे. दादाही हसून सांगायचा, "माजं पोट जमिनीवरचं हाय, बाय. दर्यानं माला नाय म्हटलं, अण्णांनी हो म्हटलं." गॅरेज ही त्याची नुसती नोकरी नव्हती. मान वर करून उभं राहता येईल अशी तेवढीच एक जागा होती.

आणि हात तर असा, की बघत राहावं! नळी कापायच्या जागी तो आधी चिकटपट्टीचे तीन-चार घट्ट वेढे देई, म्हणजे तारा विसकटत नाहीत. मग बारीक दाताची करवत, सावकाश, जणू झोपलेल्या माणसाची नखं कापावीत तशी. टोकावर पितळी टोपी बसवायची, तेलाचा थेंब सोडायचा आणि तिच्यातून नळीत शिरणारं पितळी तोंड फिरवत फिरवत घट्ट करायचं. ते जरा तिरकं गेलं तर रबराची साल आतल्या आत सोलली जाते. बाहेरून काहीच कळत नाही. पण ती साल झडपेसारखी मिटते आणि पेट्रोल अडतं.

म्हणून अण्णांचा एक कडक नियम होता. कापणाऱ्याने स्वतः आत बघायचं नाही. "कापणाऱ्याचा डोळा लबाड. त्याला हवं तेच दिसतं." नळी तयार झाली की दुसऱ्या कुणीतरी ती ताणून उजेडाकडे धरायची. पूर्ण चंद्र दिसला तर काम चोख. अर्धा दिसला तर नळी उघडून पुन्हा करायची. तो दुसरा डोळा माझा होता. दहा वर्षांची मी त्या मानामुळे किती फुशारून जात असे!

त्या दुपारी ओट्यावर शेजारच्या सुमनशी सागरगोट्यांचा डाव ऐन रंगात आला होता. दादा नळी घेऊन आला. "बग गो बाय, चांदोबा हाय काय?" मी नळी उजव्या डोळ्याला लावली... आणि डावा झाकलाच नाही. डाव्या डोळ्याने मी सुमनच्या हाताकडे बघत होते. ती लबाडी करील अशी मला खात्री होती.

"दिसला!"

"पुरा?"

"पुरा रे! जा ना आता!"

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराची जीप, त्याच्या मोठ्या पाहुण्यांसकट, पाम गावाच्या अलीकडे भर उन्हात बंद पडली. सुरू व्हायची, चार हात जायची, पुन्हा गचकायची. संध्याकाळी ठेकेदार पडवीत उभा राहून ओरडला, "मिस्त्री, पूरे रास्ते धक्का मरवाया मेहमानों से! ये काम है तुम्हारा?" अण्णांनी नळी काढली, करवतीच्या पात्याने उभी चिरली. आत जिभेसारखी साल लोंबत होती.

"चंद्र कुणी बघितला?"

मी दारातच होते. मुठीत सागरगोटे होते, ते तळव्यात रुतले. अण्णांचा हात चटकन उठतो, हे दादाला ठाऊक होतं. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"मीच बगितला, अण्णा. बाय घरात नव्हती."

चार शिव्या खाऊ, एवढंच त्याला वाटलं असावं. पण अण्णांच्या लेखी साल सुटणं हा दोष होता, नियम मोडणं हे पाप. "सगळं माफ केलं असतं," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस." दादाने पाने पुसून, एकेक जागच्या जागी ठेवले. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली. मी बोलले नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही... आणि मग न बोलण्याचीच सवय झाली.

पुढे त्याची बहीण बोंबील विकायला दारी आली की आईला सांगे, "जातो होडीवर. वकतो न् जाल वढतो, वकतो न् वढतो." ते ओकणं ऐकवेना, मी आत पळून जाई.

अण्णा मग स्वतः कापत आणि मी बघे. इतका वेळ बघे, की ते हसत, "चंद्रावर जाऊन आलीस काय गं?" आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, "हिची नजर काशिनाथला असती, तर पोर राहिलं असतं इथं." ते वाक्य मी वर्षानुवर्षं मान खाली घालून ऐकलं. अण्णा गेले, त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसून होते — आणि तरीही नाही.

गेल्या माघात चिंचणीला गेले. दादा किनाऱ्यावर जाळं सांधत होता. केस पांढरे, हात तेच. मी सांगायलाच गेले होते. त्याने आधी विचारलं, "अण्णा कसे हायत?"

"गेले, दादा. दोन वर्षं झाली."

सुई थांबली. तो म्हणाला, "माज्यावरचा राग गेलता काय गो त्यांचा?"

आता सांगायचं, आता... ओठांपर्यंत आलं होतं सगळं.

"गेला होता," मी म्हटलं.

"पुरा?"

"पुरा."

त्याचा चेहरा उजळला. तो पुन्हा जाळं सांधू लागला. आणि मी, पुन्हा एकदा, न बघताच सांगून मोकळी झाले होते.