डाव्या हाताचा घास

माझी थोरली मुलगी दीड वर्षाची असताना तापानं फणफणली. सातव्या दिवशी ताप उतरला, पण जाताना तिचा उजवा हात लुळा करून गेला, आणि पाच-सहा शब्द बोलायची तेही घेऊन गेला. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही पहूरला राहत होतो. घरची शेती होती, आणि घरात माझ्यापेक्षा जास्त कळणारी पुष्कळ माणसं होती. पितर कोपले, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. त्यावर कुणी वाद घातला नाही. मीही नाही, सातवीपर्यंत शिकलेली असून.

तिला तिसरं लागल्यावर मी मोटारीनं जळगावला न्यायला लागले. तिथल्या दवाखान्यात मुंबईला शिकून आलेल्या एक बाई अशा मुलांचे हात चालते करत. मला वाटलं, औषध देतील, सुई टोचतील. त्यांनी विचारलं, "घरात कापूस आहे ना? मग तिला उजव्या हातानं सरकी काढायला बसव." शेंगा फोडायच्या, कणीक चिमटायची, कापसातली सरकी ओढायची, हेच औषध. कापूस पिकवणाऱ्या घरातून सरकी काढायला शिकायला जळगावला जायचं, म्हणून सासूबाई दोन दिवस हसत होत्या.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. काही हवं असलं तर तिला मागू दे, आपणहून हातात देऊ नकोस. बोटानं मागेल, डोळ्यांनी मागेल, तेच तिचं बोलणं. "उजव्याला काम दे, पण डाव्याला गप्प करू नकोस. आज तिच्या वतीनं तोच बोलतो."

आणि खरंच तो बोलू लागला. पाणी हवं की माठाकडे बोट. वडील हवे की डोक्यावर थापट, म्हणजे टोपी. मी हवी असले की स्वतःच्या कानाची पाळी ओढायची, कारण माझ्या कानातल्या बाळ्या तिला फार आवडत. पाळी लाल होईपर्यंत ओढायची. मी चुलीपाशी असले तरी मान वळवून पाहायची, ओढतेय का. त्या घरात एवढं सुख मला दुसऱ्या कशानं झालं नव्हतं.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा माहेरी येणार होत्या. आखाजीला आम्ही पितरांना आगारी टाकतो. गोवरीच्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास ठेवायचा, आमच्याकडे घरातल्या प्रत्येकानं, आणि अर्थात उजव्या हातानं. या वर्षी पोरीनं स्वतः आगारी टाकायची, असं माझ्या मनानं घेतलं. पितरांचा राग गेला तर गेलाच, आणि नणंदांनाही दिसलं असतं की माझी मेहनत फुकट नाही. महिनाभर रोज मी तिच्या उजव्या मुठीत भाकरीचा तुकडा देऊन थंड चुलीत टाकायला लावला. बऱ्याच वेळा जमायला लागलं होतं.

त्या दिवशी ती माझ्या मांडीवर होती आणि सगळे बघत होते. उजवा हात थरथरला, घास खाली पडला. मी दुसरा तुकडा मुठीत कोंबला. तोही पडला. तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग डाव्या हातानं घास उचलून निखाऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "घे."

"पितरेसले डावा हात चालत नही," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं संपायच्या आत मी त्या हातावर फटका मारला होता. चांगला जोरात. ती काय म्हणाली ते मला त्यानंतर उमगलं. तापानंतरचा तिचा पहिला शब्द होता तो. घे पाणी, घे भाकर, असं दिवसभर मीच तिच्याशी बोलायची.

ती रडली नाही. तो हात स्वतःच्या मांडीखाली घालून बसली. मग मी तो हात कुरवाळला, घे म्हण ना माय, म्हणून विनवलं, तिच्यापुढं स्वतःची पाळी ओढून दाखवली. बैल गेला आणि झोपा केला. त्या दिवसापासून तिनं ना माठाकडे बोट केलं, ना पाळी ओढली, ना पुन्हा 'घे' म्हटलं.

जळगावच्या बाईंनी विचारलं, मध्ये काही झालं का? मी म्हणाले, ताप आला होता. त्यांच्यापुढं खरं सांगायची मला लाज वाटली. त्यांनी तापाचं धरून चार गोष्टी करून पाहिल्या. बिचाऱ्या आणखी काय करणार?

उजवा हात मात्र सुधारत गेला. पुढच्या आखाजीला तिनं न सांडता, न थरथरता उजव्या हातानं आगारी टाकली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. नंतर पंगत बसली तेव्हा नणंदेची मुलं हे दे, ते दे करत होती आणि माझी पोर गप्प बसली होती.

"गुणी पोर शे," सासूबाई लेकींना म्हणाल्या. "काहीच मांगत नही."

मी तिचं ताट हातभर लांब ठेवून वाट पाहत होते, बाईंनी शिकवलं होतं तशी. बोट नको, नुसती नजर वळली असती तरी चाललं असतं. तीही वाट पाहत होती. पोळी गार झाली. शेवटी मीच ताट तिच्यापुढं सरकवलं.