दाजींचा होकार

आमच्या दाजींना प्रदर्शनवाले सगळे 'टकळी' म्हणत, आणि दाजींना त्याचा अभिमान होता. ताईशी लग्न झालं तेव्हा ते मिक्सर विकायचे. पुढे इस्त्र्या, मग फरशी पुसणारी यंत्रं. काहीच घ्यायचं नाही असं ठरवून आलेलं गिऱ्हाईकही त्यांच्या तोंडी लागलं की खोकं काखेत मारून हसत घरी जायचं. अलीकडे ते बोलणारी यंत्रं दाखवत. त्यांनी 'दिवे लाव' म्हटलं की स्टॉलवरचे दिवे लागायचे, 'पडदा सार' म्हटलं की पडदा सरायचा. त्या दिव्यांच्या वायरी जोडायचं काम माझं.

त्यातली गोम सांगतो. हॉलमध्ये एवढा गोंगाट असतो की यंत्राला कुणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून आधीच एका माणसाचा आवाज त्यात भरून ठेवतात. मग ते बाकी कुणालाही जुमानत नाही. आमच्या यंत्रात गेल्या प्रदर्शनापासून दाजींचा आवाज होता.

मधल्या काळात दाजींच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी बजावलं, ऑपरेशन होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. नंतरही आवाज राहीलच असं नाही. ताईनं रडून रडून हात टेकले. दाजी मात्र टाय बांधून हॉलवर हजर.

"घरी चला दाजी, का जिवाशी खेळताय?"

"अरे, मी गप्प बसलो तर तुझी ताई घाबरेल," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "तिला वाटेल, मेलोच."

पहिली गर्दी जमली. दाजी म्हणाले, "दिवे लाव."

"तुमचा आवाज ओळखीचा नाही," यंत्र म्हणालं.

लोक खो खो हसले. त्यांना वाटलं, टकळीचा नवा विनोद. दाजीही हसले. पुन्हा म्हणाले, पुन्हा तेच उत्तर. मग कुणीच हसेना. त्या डबड्यावर हातोडा घालावा असं मला झालं.

मॅनेजर धावत आला. दुपारी मोठे खरेदीदार यायचे होते. दारावर पास तपासणाऱ्या बाईंचा आवाज खणखणीत, तो भरायचं ठरलं. पण जुना आवाज पुसायचा तर ज्याचा आहे त्यानंच 'हो' म्हणायला हवं. चोरांना आळा बसावा म्हणून केलेली सोय म्हणे.

"जुना आवाज कायमचा पुसायचा का?" यंत्रानं विचारलं.

दाजी वाकून म्हणाले, "हो." ओळख पटली नाही. पुन्हा "हो". पुन्हा नाही. त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला.

"सोडा ना त्यांना, दुसरं यंत्र आणा!" मी मॅनेजरवर खेकसलो.

"दुसरं आहे कुठे?" तोही रडकुंडीला आला होता.

दाजींनी मला हातानंच मागे सारलं. घोटभर पाणी प्यायले, टाय सैल केला, छाती भरून श्वास घेतला.

"हो!"

शेजारच्या स्टॉलवरची माणसं वळून बघायला लागली. तोच आवाज, मिक्सर विकणारा, माझ्या ताईला हसवून हसवून बेजार करणारा. क्षणभर मला वाटलं, गाठबीठ सगळं खोटं. दाजींचाही चेहरा खुलला. मला काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

"धन्यवाद," यंत्र म्हणालं. "तुमचा आवाज पुसला आहे."

तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. ताईचा होता. त्यांनी सवयीनं तो कानाला लावला, तिचं 'हॅलो, हॅलो' ऐकत थोडा वेळ उभे राहिले, आणि मग माझ्या हातात दिला.