चिमटेमावशीचा पिवळा झगा

जाहिरातींच्या फोटो स्टुडिओत तिला सगळे चिमटेमावशी म्हणत. मॉडेलच्या अंगावर सैल लोंबणारा कपडा पाठीमागून चिमट्यांनी आवळायचा, हे तिचं काम. समोरून कपडा अंगावर ओतल्यासारखा दिसे, मागून मात्र साळिंदर! बावीस वर्षं मावशीनं जगातल्या सुंदर बायकांच्या फक्त पाठी पाहिल्या होत्या.

त्या दिवशी पिवळ्या झग्याचा फोटो होता. मॉडेल उंच, हसरी पोरगी. सकाळपासून पोटात नुसतं पाणी. मावशीचे चिमटे लावून होताच पोरीनं आपला मोबाइल समोर ठेवला, थेट प्रक्षेपण सुरू केलं आणि गर्रकन पाठ फिरवली.

"मोजा गं बायांनो! सत्तावीस चिमटे! आणि दुकानात झगा बसला नाही की तुम्ही स्वतःलाच बोल लावता!"

मावशीच्या तोंडात अजून दोन टाचण्या होत्या. त्या काढून ती म्हणाली, "अगं, हा झगा बसतोय कुणाला? फाटका नमुना मी घरी नेला, दोन्ही कुशीत जादा कापडाच्या कळ्या घातल्या, तेव्हा कुठं माझ्या अंगाला लागला!"

दोघींना असं हसू फुटलं की एक चिमटा टणकन उडून दिव्यावर आपटला.

संध्याकाळपर्यंत लाखो बायकांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी झग्याच्या कंपनीचा मालक तणतणत आला. "नाक कापलंत आमचं!" तो पुढं काही बोलणार, तोच त्याच्या बहिणीचा फोन आला. दुकान तीच सांभाळायची. तिचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. "दादा, इथं बायकांची झुंबड उडालीय! सगळ्यांना त्या मावशीचा कळ्यांचा झगा हवाय. काय सांगू?"

मालकानं मावशीकडं पाहिलं. मावशीनं छताकडं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, मावशी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. आपल्याच हातच्या झग्यात!

"मावशी, पोट आत घ्या," फोटोग्राफर म्हणाला.

"किती वेळ?"

"फोटो होईस्तोवर."

"आणि झगा विकत घेणारीनं? तिनं काय जन्मभर श्वास रोखून हिंडायचं?"

मॉडेल पोरगी जमिनीवर बसून हसत सुटली, फोटोग्राफरही हसला, आणि मावशीला स्वतःच्याच बोलण्याचं इतकं हसू आलं की पोट, हनुवटी, दंड सगळं गदगदा हललं. नेमका तोच फोटो निघाला. संगणकावर फोटो गुळगुळीत करणाऱ्या बाईला पोरीनं बजावलं, "तिच्या हनुवटीला हात लावलास तर बघ!"

आठवड्याभरात चौकात त्या फोटोचा फलक लागला. मालकानं मावशीला कपड्यांची मापं ठरवायला बसवलं; तिनं पहिल्याच दिवशी सहा मापं काढली आणि सातव्यासाठी भांडली.

मावशीचा नवरा तसा अबोल. तो फलकाखाली उभा राहून दिसेल त्याला सांगू लागला, "आमची ही!" एक अनोळखी बाई थबकली. "अय्या, ही तर माझ्यासारखीच दिसते!" म्हणाली आणि हरखून दुकानाच्या दिशेनं निघाली.

नवऱ्यानं मग मोबाइलवर फोटो काढला. त्यात बायको अर्धी आली, त्याचा अंगठा मात्र सबंध. मावशीनं तोच साऱ्या नातेवाइकांना पाठवून दिला.