चहावरून कंपनीचा नफा

कंदिलाच्या कंपनीत होतो मी तेव्हा, चांद्याच्या डेपोत. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, पण रानातल्या गावांत वीज काही पोचली नव्हती, म्हणजे आमची चंगळ. अशात मुंबईच्या हेड ऑफिसात विलायतेहून शिकून आलेले एक साहेब बसले आणि त्यांनी फर्मान काढलं. दुकानादुकानांत जायचं आणि विचारायचं, येत्या तिमाहीत धंदा वाढेल, तेवढाच राहील की घटेल? त्या उत्तरांवरून साहेब कंपनीचा नफा आधीच सांगणार. आणि जिथली उत्तरं रडकी, तिथला डेपो बंद. डेपो बंद म्हणजे मी घरी. माझं नुकतंच लग्न ठरलं होतं, तेही नोकरी पाहून.

आता आमच्या मुलखात व्यापाऱ्याला धंद्याचं विचारायचं आणि त्याने खरं सांगायचं? अहो, सोडा.

पहिलं दुकान सिंदेवाहीचं, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचं. किराणा, कंदील, सगळंच ठेवायचे. धानाचा हंगाम, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि सासरेबुवा माझ्याकडे न बघता म्हणतात, "लय मंदा हाये, जवाईबापू. बसा." बसलो. चांगला दुपारपर्यंत बसलो. होणारा जावई, पण कोणी चहा विचारेल तर शपथ! माझं डोकं असं सणकलं की मी 'घटेल' लिहून तरातरा निघालो.

मग धानोरा. तिथल्या दुकानात माशी हलत नव्हती. म्हातारे चाचा होते, त्यांनी हाताला धरून बसवलं, चहा पाजला, चिवडा दिला, वर पुन्हा चहा. आणि धंदा? एकदम बढिया चालून राह्यला म्हणे. मी 'वाढेल' लिहिलं.

परतीच्या मोटारीत हिसके खाताखाता डोक्यात उजेड पडला. ज्याचं जोरात चालतं तो रडतो. नाहीतर दृष्ट लागते आणि उसने मागणारे पाव्हणेही लागतात. ज्याचं बसलं तो बढिया म्हणतो. नाहीतर त्याला उधारीवर माल कोण देणार? खरं बोलतो तो एकटा चहा. गिऱ्हाईक असलं की चहाला सवड नाही, नसलं की सवडच सवड. मी सगळी उत्तरं उलटी केली, चहाचा खुलासा जोडला आणि मुंबईला धाडून दिलं. स्वतःवर इतका खूश मी पुन्हा कधी झालो नाही.

खुलासा वाचून साहेब स्वतः आले, पडताळा पाहायला. आणि तिथंच घात झाला. सुटाबुटातला मुंबईचा माणूस दारात म्हटल्यावर चहा कोण देणार नाही? रिकाम्या दुकानाने दिला, भरल्या दुकानाने दिला. साहेबांचं पोट डबडबलं आणि माझं शास्त्र बुडालं. ते हसून हसून बेजार. मला मात्र रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी डेपोत येऊन टेकलो. साहेबांना कसली घाईच दिसेना. त्यांनी स्वतः चहा मागवला, माझ्यासाठीसुद्धा. मी आपलं सहज विचारलं, कंपनीचं कसं काय?

"फर्स्ट क्लास," साहेब म्हणाले, आणि आणखी एकेक चहा सांगितला.

सवड, चहावर चहा आणि वर फर्स्ट क्लास, धानोऱ्याच्या चाचांसारखंच! डेपो राहू द्या, सगळी कंपनीच बुडायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सिंदेवाही गाठलं. सांगणं भाग होतं. कोणाची मुलगी फसवून नेणाऱ्यातला मी नव्हे. पण दुकानात हीऽऽ गर्दी, सासरेबुवांच्या हाती तराजू, आणि मी आपला कोपऱ्यातल्या पोत्यावर बसून राहिलो. शेवटी त्यांनीच विचारलं, नोकरीचं कसं चाललं.

"झकास," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी तराजू खाली ठेवला. गिऱ्हाइकं तशीच सोडून ते माझ्याजवळ येऊन बसले आणि आत चहा टाकायला सांगितला.

"कधी बंद होऊन राह्यली कंपनी?"

मी आतून आलेला चहा बशीत ओतला.

"लगन ठरल्या दिवशीच होईल," ते हळूच म्हणाले. "दुकानात माणूस लागतेच मले."

पुढे गिऱ्हाइकं कंदिलासाठी गलका करत होती. माझा चहा संपेपर्यंत सासरेबुवा जागचे उठले नाहीत.