वीबकेची जोडीदार

वीबके त्यार्क्स उत्तर जर्मनीतल्या आमच्या लेअर गावच्या टेनिस क्लबात कोर्टं राखते. एप्रिल उजाडला की जुनी लाल माती खरवडायची, नवी पसरायची, रोलर फिरवायचा, पांढऱ्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकायच्या. मग ऑक्टोबरपर्यंत दुपारी मुलांना आणि संध्याकाळी बायकांना शिकवायचं. मी गेझीना, क्लबाचं स्वयंपाकघर बघते. सतरा वर्षं माझ्या खिडकीतून मला तीच दिसत आली आहे, पाणी मारताना, नाहीतर माती सारखी करायची जाळी ओढत गोल गोल फिरताना.

ती जगभर खेळून आली आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. किती खेळली, हे फारसं कोणाला माहीत नाही. एकेरीत ती पहिल्या दीडशेत कधी पोचली नाही. दुहेरीत मात्र एका वर्षी जगात चौऱ्याऐंशीवी होती. गावच्या वर्तमानपत्रात तेव्हा फोटो आला होता. तिचे वडील बस चालवायचे, त्यांनी तो आपल्या बसमध्ये काचेला लावला होता.

दुहेरी एकटीने खेळता येत नाही. जोडीदार होती बिर्टे लोमायर, ओस्नाब्रुककडची, वीबकेच्याच वयाची. दोघी सात वर्षं एका जुन्या गाडीतून युरोपभर हिंडल्या. वीबके गाडी चालवायची, बिर्टे नकाशा उलटा धरून रस्ता सांगायची. हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुवायचे, रेडिएटरवर वाळवायचे आणि सकाळी ओलेच घालायचे. सिसिलीत एकदा चार दिवस पाऊस लागला. एकही सामना होईना, तेव्हा समोरच्या जोडीतल्या दोन रुमानियन मुलींबरोबर त्या पत्ते खेळत बसल्या. बिर्टेने आपली छत्री देऊन एका धनगराकडून चीजचा अख्खा गोळा घेतला आणि मग दोघी तो पोटाशी धरून पावसात भिजत परत आल्या. ही गोष्ट वीबके दरवर्षी सांगायची, आणि दरवर्षी गोळा थोडा मोठा व्हायचा.

टीव्हीवर टेनिस लागलं की ती उठून बाहेर जायची. पण महिने तिच्या लेखी महिने नव्हतेच. मी म्हटलं, बटाटे मेअखेर येतील, तर ती म्हणायची, म्हणजे पॅरिसचा पहिला आठवडा. सोमवारी सकाळी हातातलं काम थांबवून म्हणायची, "आता याद्या लागल्या असतील." जागतिक क्रमवारीच्या, हे सांगायची गरज नसायची.

बिर्टेशी मात्र तिचं बोलणं तुटलं होतं. का, ते तिने मला फार उशिरा, एकदा बटाटे सोलताना सांगितलं. अठ्ठ्याण्णव साली बुडापेस्टमध्ये सर्व्हिस करताना तिच्या उजव्या खांद्यात काहीतरी फाटलं. डॉक्टरने सहा महिने खेळायचं नाही म्हणून बजावलं. तिने कोणालाच सांगितलं नाही. खांद्यात इंजेक्शनं घेत खेळत राहिली. सर्व्हिस मऊ पडायला लागली, आणि त्या मऊ सर्व्हिसवर समोरच्या बायका जाळ्याजवळ उभ्या असलेल्या बिर्टेच्या अंगावर सरळ फटके मारायच्या. ओळीने अकरा स्पर्धांत दोघी पहिल्याच फेरीत हरल्या. बाराव्या वेळी बिर्टे आलीच नाही. तिने चिठ्ठी पाठवली की माझा खेळ संपलाय, तुला आणखी खाली ओढत नाही. वर्षभराने वीबकेच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि तीही घरी आली. चिठ्ठीला तिने उत्तर दिलं नव्हतं.

आमच्या चाळिशीपुढच्या बायकांच्या संघाचा दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये एका पाहुण्या संघाशी सामना होता. त्यांच्या यादीत दुसरं नाव होतं बिर्टे लोमायर. वीबकेने ती यादी माझ्या स्वयंपाकघरातल्या फळ्यावर टाचली आणि तीन नंबरच्या कोर्टावर त्या दिवशी दोनदा रोलर फिरवला.

एकेरीचे चार सामने झाले, दोन-दोन बरोबरी. तेवढ्यात आमच्या हाइकेच्या पोटरीत गोळा आला आणि ती लंगडायला लागली. दुहेरीला एक बाई कमी. संघाच्या कागदावर वीबकेचं नाव नुसतं नियमापुरतं घातलेलं असायचं. कप्तान अंके तिला म्हणाली, उभी तरी राहा गं, नुसती उभी राहा. वीबके माझ्याकडे आली, एप्रन काढावा तशी कंबरेची किल्ल्यांची जुडी काढून माझ्या हातात दिली आणि कोर्टावर गेली.

जाळ्यापलीकडे बिर्टे होती. दोघींनी मान हलवली, तेवढंच.

वीबकेची सर्व्हिस आली. तिने चेंडू हातातून सोडला आणि लहान मुलं मारतात तसा खालून मारला. बिर्टेने तो जाऊ दिला. दुसराही तसाच आला. तेव्हा बिर्टे चालत जाळ्यापाशी आली.

"थट्टा करतेस माझी?"

"नाही. हात वर जात नाही."

"कधीपासून?"

शस्त्रक्रियेपासून, असं वीबकेला सांगता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं.

"बुडापेस्टपासून," ती म्हणाली.

बिर्टे तशीच उभी राहिली. तिची जोडीदार मागून काहीतरी विचारत होती, तिला ऐकू गेलं नसावं. मग ती मागे वळली, जागेवर गेली आणि खेळली. कसली दया दाखवली नाही. आम्ही दोन्ही सेट हरलो.

सामन्यानंतर यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचं असतं. मी नवे बटाटे आणि खारवलेली हेरिंग मासळी केली होती. लांब टेबलाच्या एका टोकाला बिर्टे, दुसऱ्याला वीबके. जेवण उरकल्यावर बिर्टे ताटं घेऊन आत आली. वीबके सिंकपाशी होती. मी बाहेर जायला निघाले, पण दारात बिर्टेच उभी होती, तेव्हा राहिले.

"ते सगळं वर्ष मी माझ्या हाताला दोष दिला," बिर्टे म्हणाली. "कोच म्हणाला, जाळ्याजवळ तुझा धीर सुटतो. मी मानलं. अजून मानत होते, आज सकाळपर्यंत. का नाही सांगितलंस?"

"तू दुसरी कोणीतरी शोधली असतीस."

"शोधलीच असती. सहा महिन्यांसाठी. आणि मग परत आले असते." तिने ताटं खाली ठेवली. "एवढंही कळलं नाही तुला, वीबके?"

वीबकेने नळ बंद केला नाही की मागे वळून पाहिलं नाही. बिर्टे गेली.

दुसऱ्या दिवशी कोर्ट झाडता झाडता वीबके खिडकीशी थांबली. म्हणाली, दुहेरीत सर्व्हिस करणाऱ्याला जोडीदाराची पाठच दिसते. पाठीमागे लपवून ती बोटांनी खुणा करते, त्या बघायच्या. "सात वर्षं मी तिची पाठ बघितली, गेझीना. खेळताना तिचा चेहरा कसा होतो, ते काल पहिल्यांदा पाहिलं. जीभ बाहेर काढते ती. मला माहीतच नव्हतं."

तिने बिर्टेला एक पत्र लिहिलं. उन्हाळा गेला, उत्तर आलं नाही. रोज टपाल येऊन गेल्यावर ती पेटी उघडायची आणि मला काही विचारू द्यायची नाही.

ऑक्टोबरमध्ये, हंगाम संपवून कोर्टांच्या जाळ्या काढायच्या दिवशी बिर्टे एकटी आली, स्वतःच्या गाडीने, रॅकेटशिवाय. येऊन सरळ जाळीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी सहाही कोर्टांच्या जाळ्या घड्या घालून ठेवल्या. मी चहा केला. आमच्याकडे तीन कपांआधी पाहुणा उठत नाही, तशी तीही बसली. बिर्टेच्या आईचं आजारपण, ओस्नाब्रुकचं चष्म्याचं दुकान, सिसिलीचा पाऊस, असं बोलणं चाललं. चीजचा गोळा बिर्टेच्या गोष्टीत अगदीच लहान होता, दोन मुठींएवढा. यावरून दोघी भांडल्या.

वीबकेने विचारलं, खेळतेस ना अजून? बिर्टे म्हणाली, दर गुरुवारी, उलरिकेबरोबर. "बरी खेळते. बोलते फार."

निघताना, दारातच, तिने वीबकेचा उजवा हात मनगटाशी धरला आणि सावकाश वर उचलला. खांद्याच्या उंचीला तो अडला.

"इथपर्यंतच?"

"इथपर्यंतच."

बिर्टेने तो थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग हळूच खाली सोडला.

आता नाताळला फोन येतो, दोघींच्या वाढदिवसांनाही येतो. मी एकदा वीबकेला विचारलं, मन हलकं झालं का गं? ती मातीच्या पोत्यांवर बसली होती.

"आधी मला फक्त होऊन गेलेल्या वर्षांची आठवण यायची," ती म्हणाली. "आता न झालेल्या वर्षांचीही येते. सहा महिन्यांनंतर ती परत आली असती ना, त्या वर्षांची."