तिसऱ्या उद्गाराची चिठ्ठी

उत्तम शुक्रवारच्या चिठ्ठ्यांत मी लबाडी केली. तीही चर्चमध्ये, अर्पणाच्या थैलीत हात घालून.

हे आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळ नाही, पाळकसाहेबांजवळ नाही. देवाला सांगायचा प्रश्न नव्हता, तो तिथंच उभा होता. तुम्हाला सांगतोय, तर नीट बसा. कारण ही गोष्ट मी नेहमी अर्ध्यावर सोडतो, हसतो आणि चहा मागवतो.

आमची पद्धत अशी. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन, येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. कुणी कशावर बोलायचं ते आदल्या झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये झावळ्या हलवून झाल्या की, चिठ्ठी काढून ठरतं. मागून घ्यायचं नाही. मागितलं की भांडणं. मी मंडळीचा चिटणीस, त्यामुळं चिठ्ठ्या लिहिणार मी. आणि हौशी उपदेशकही मीच! निगडीहून कंपनीची बस सुटली की मांडीवर पवित्र शास्त्र उघडायचं ते चाकण येईपर्यंत. आगमनकाळ असो, नाताळ असो, पेन्टेकॉस्ट असो — उतारा हाताशी लागला की माझ्या अंगात येतं. ख्रिस्ती माणसाच्या अंगात काय यायचं ते येतं, राव, पण येतं!

त्या वर्षी तिसऱ्या उद्गारानं मला झपाटलं. येशू मरता मरता आईला म्हणतो, हा बघ तुझा मुलगा. आणि शिष्याला म्हणतो, ही तुझी आई. रक्ताचं नातं नाही काही नाही, आणि तो शिष्य तिला घरी घेऊन जातो. मला एकदम दिसलं — अहो, हे तर आपलं चाकण! भाड्याच्या खोल्या, एका खोलीत चार जिल्ह्यांची चार पोरं, कोण कुणाचं? आणि तरी कुणीतरी कुणाचा डबा भरतंच ना? मला झोप लागेना. वीस पानं लिहिली. आता एवढं लिहून ‘मला तहान लागली आहे’ची चिठ्ठी आली तर? चार शब्दांवर माणूस किती बोलणार?

मग काय केलं? माझी नोकरी पार्ट तपासायची. कडेला केसाएवढी बर, धातूची कुसळ, राहिली तरी माझ्या बोटाला कळते. सहा चिठ्ठ्या कात्रीनं कापल्या, तिसऱ्या उद्गाराची तेवढी हातानं फाडली. थैलीत पहिला हात मीच घातला, खरखरीत कड लागली, आणि मी डोळे मिटून — हो, प्रार्थनेत असल्यासारखे मिटून — ती काढली. लोक म्हणाले, प्रभूची योजना!

इथवर तुम्ही हसलात तर चालेल. मीही हसतो. पण ते ‘मला एकदम दिसलं’ म्हणालो ना — तेच खोटं आहे.

दिसलं होतं सुमनमावशींना. जालन्याकडच्या. मुलगा चाकणला कामाला होता, अपघातात गेला. त्याच्या खोलीत राहणारा संतोष त्यांना गावी जाऊ देईना. तेव्हापासून त्या त्याच्याकडंच. तो आमच्या धर्माचा नाही. दर रविवारी मावशींना फाटकापर्यंत सोडायचा आणि बाहेर गाडीवर बसून राहायचा. त्या वर्षी सात जणांत पहिल्यांदाच मावशींचं नाव आलं, तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, “भाऊ, तिसरा आला तर लई बरं व्हईल बघा. माझ्या घरातच घडलंय ते. मला त्या पोराचं नाव घ्यायचंय सगळ्यांपुढं.” मी मान डोलावली. आणि घरी जाऊन वीस पानं लिहिली.

शुक्रवारी संतोष शिफ्ट सोडून आला, पहिल्यांदाच आत, मावशींच्या शेजारी. मी उठलो. पाळकसाहेबांनी आधी उतारा वाचला — माझ्या ओळींच्या किंचित वरून. शिपाई येशूच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकतात, तिथून. मी महिनाभर तो अध्याय चघळला होता, पण त्या ओळींवर माझं बोट कधी अडखळलंच नव्हतं. त्या शिपायांनी निदान चिठ्ठ्या सरळ टाकल्या होत्या!

तिथं थांबता आलं असतं. ‘हे मावशींचं आहे’ एवढं म्हणून खाली बसता आलं असतं. थांबलो का? चाळीस मिनिटं बोललो. हात उडवून, आवाज चढवून. मजा आली — हेही कबूल करतो, भयंकर मजा आली.

पाचवा उद्गार मावशींच्या वाट्याला आला होता. तहान. त्या उठल्या, पदर सारखा केला. “येशूनं पाणी मागितलं. मागायला तो लाजला न्हाई. माझं पोरगं गेलं त्या दिवशी मी ह्याला म्हणलं, बाबा, घोटभर पाणी दे. तवापासून हाच देतोय. ऊठ रे संतोष, दिसू दे सगळ्यांना.” तो कंपनीच्या निळ्या शर्टात उभा राहिला, मान खाली घालून. दोन मिनिटंही झाली नसतील. सगळं चर्च रडत होतं, आणि मी वीस पानांची गुंडाळी हातात घेऊन बसलो होतो.

चिठ्ठीचं मावशींना आजही माहीत नाही. बाकीचं मात्र त्यांनी ओळखलं. फाटकाशी संतोष गाडी काढत होता, तेव्हा त्या माझ्यापाशी थांबल्या.

“माझंच होतं ना सगळं, भाऊ? मग एवढं लांबवलं कशाला?”